पुन्हा पडून दाखव

प्रियदर्शिनीच्या जिभेला महाडच्या त्या खाजगी हॉस्पिटलात सगळेच टरकून असत. पेशंटचे नातेवाईक, वॉर्डबॉय, औषधं विकायला येणारे, इतकंच काय, डॉक्टरसुद्धा. नर्स म्हणून काम चोख, पण बोलायला लागली की समोरच्याला वाटावं, आज घराबाहेर पडायलाच नको होतं. तिला सगळ्यात जास्त चीड यायची ती 'समाजासाठी काहीतरी करायचंय' म्हणणाऱ्यांची. आणि असा एक माणूस तिच्या घराच्या भिंतीला भिंत लावून राहत होता: चुलत भाऊ अश्वजित.

गोष्ट मात्र सुरू झाली रेश्मापासून.

गेल्या जुलैत पोलादपूरच्या एसटी स्टँडवर कॉलेजची एक मुलगी चक्कर येऊन पडली. कपाळाला खोक पडली म्हणून कुणा जीपवाल्याने तिला थेट महाडला आणलं. टाके घालताना प्रियदर्शिनीने तिची पापणी खाली ओढून पाहिली. आत पांढरंफटक. तिने डॉक्टरांच्या मागे लागून रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन साडेसहा निघालं. एवढ्या रक्तावर माणूस जिना चढताना बसतो. ही पोर रोज कुडपण गावाहून डोंगर उतरून बारावीच्या वर्गात जात होती.

संध्याकाळी तिचे आजोबा आले, भागोजी. आईबाप मुंबईला, पोर आजा-आजीकडे. भागोजींच्या डोक्यावर टोपी, हातात पिशवी, पिशवीत नातीसाठी नाचणीची भाकरी. रिपोर्ट ऐकून ते म्हणाले, "वारं लागलं असंल. आमच्याकडं पोरी पडतात अशा. पानी मारलं की उठतात."

"पडतात? म्हणजे हिच्यासारख्या आणखी आहेत?"

"हायत की. आता पोरी कोन मोजत बसतो, सिस्टरबाय?"

प्रियदर्शिनीने त्यांच्याकडे असं पाहिलं की म्हाताऱ्याने टोपी काढून हातात घेतली. पुढच्याच सुट्टीला ती हॉस्पिटलातलं रक्त तपासायचं छोटं मशीन मागून घेऊन कुडपणला गेली.

वर गेल्यावर पहिला प्रश्न: बसायचं कुठे? देवळाच्या सभामंडपात बसावं तर बौद्धवाडीतल्या मुलींना तिथे कुणी या म्हणणार नाही, आणि म्हटलं तरी त्या येणार नाहीत. विहारात बसावं तर वरच्या वाडीतल्या मुलींना घरून सोडणार नाहीत. आणि तपासायचं काय, तर रक्त! प्रियदर्शिनीने शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली. शाळा सरकारची, म्हणजे कुणाचीच नाही. त्यामुळे ती सगळ्यांना चालली.

बोट पुढे करायला सगळ्यात आधी आली बौद्धवाडीतली अनुष्का, रेश्माच्याच वर्गातली. मग एकेक करत सगळ्या आल्या. मशीन दाखवत होतं ते आकडे बघून प्रियदर्शिनीचं तोंड आवळत गेलं. धड अशा एक-दोघीच.

"लोहाच्या गोळ्या मिळत नाहीत का तुम्हाला?"

"मिळतात की," अनुष्का म्हणाली. "आम्ही फेकतो."

"का?"

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी कपाळाला पट्टी बांधलेली रेश्मा खाली बघत म्हणाली, "काळी होते, ताई."

"काय काळी होते?"

"संडास. आतडी जळतात म्हनं आतनं."

"जळली असती तर धूर नसता का आला?" प्रियदर्शिनी म्हणाली.

मुली अशा हसल्या की मैदानातली पोरं खेळ टाकून बघायला आली. मग तिने नीट समजावलं. लोहाने रंग बदलतो, त्यात काही बिघडत नाही. गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका. सकाळी काय खाऊन जाता? सकाळी काहीच नाही. पहाटेची एसटी, घोटभर चहा, मग एकदम संध्याकाळी भात. हे सगळं ऐकून घेत असतानाच तिच्या डोक्यात योजना तयार झाली. प्रत्येक वाडीतल्या दोघा-तिघा तरुण पोरापोरींनी मशीन चालवायला शिकायचं, आपल्याच वाडीतल्यांचं रक्त तपासायचं, गोळ्या पोटात जातायत की गटारात ते बघायचं. त्यासाठी लागणार काय? चार मशीनं, रक्ताचा थेंब घ्यायच्या त्यांच्या पट्ट्या आणि जाण्यायेण्याचं भाडं.

तिची चूक एकच झाली. घरी येऊन हे तिने अश्वजितला सांगितलं.

अश्वजित मुंबईत समाजकार्य शिकला होता. दोन संस्थांत नोकरी करून परत आला होता आणि आता त्याची स्वतःची संस्था होती. अध्यक्ष तो स्वतः, खजिनदार त्याची आई. आपण खजिनदार आहोत हे काकूंना दारावर पाटी लागल्यावर कळलं. संस्थेकडे लेटरहेड होतं, शिक्का होता, काम तेवढं नव्हतं.

"प्रियू, हा प्रोजेक्ट आहे!" तो उठून उभाच राहिला. "यूथ कम्युनिटी हेल्थ. यासाठी फंडर रांग लावतील."

"दादा, मला चार मशीनं हवीत. रांग नको."

"तुझं व्हिजन छोटं आहे," अश्वजित म्हणाला, आणि त्याने पनवेलहून रितेशला बोलावून घेतलं.

रितेशचा धंदा दुसऱ्यांच्या संस्थांना अनुदानाचे प्रस्ताव लिहून द्यायचा. डोंगरात तो कधी गेला नव्हता, जायची त्याला गरजही वाटत नव्हती. काकूंनी केलेले पोहे पुढे ओढत त्याने लॅपटॉप उघडला.

"प्रॉब्लेम काय आहे ते एका वाक्यात सांगा."

"पोरींच्या अंगात रक्त नाही," प्रियदर्शिनी म्हणाली.

रितेशने मान हलवली. "हे नाही चालणार. फारच साधं आहे. यात काहीतरी वेगळं पाहिजे. ॲप करू या."

"कुडपणला नेटवर्क येत नाही."

"ऑफलाइन चालणारं करू. शिवाय मेंटल वेलनेस टाकू, क्लायमेट टाकू. मुलींना चक्कर येते, ती वाढत्या तापमानामुळे येते असं दाखवता येईल का?"

"चक्कर येते ती उपाशी राहिल्यामुळे. ते दाखवता येईल का?"

रितेश अश्वजितकडे बघून हसला, म्हणजे बाईंना यातलं कळत नाही. दोन आठवड्यांनी प्रस्ताव तयार झाला. चांगला जाडजूड. त्यात महाडला ऑफिस होतं, समन्वयक होते, ॲप होतं, टोप्या होत्या, टी-शर्ट होते, 'परिवर्तनाचे दूत' होते. रक्त तपासायची मशीनं कुठे आहेत ते प्रियदर्शिनी शोधत राहिली. ती परिशिष्टात होती. दोन.

मग पैसे मागत फिरणं सुरू झालं. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याकडे गेले. भाऊंनी चहा पाजला, पाठ थोपटली आणि शिबिर आपल्या वाढदिवसाला घ्यायला सांगितलं. बॅनरवर फोटो कुणाचा हे सांगायची गरज नव्हती. प्रियदर्शिनीने विचारलं, "रक्त वर्षभर कमी असतं भाऊ, वाढदिवस एकदाच येतो. मग बाकीच्या दिवशी काय करायचं?" अश्वजितने तिला कोपरखळी मारली. एका कंपनीच्या साहेबाने झाडं लावणार असाल तर या म्हणून सांगितलं. रक्तात झाडं लावता येत नाहीत म्हणून ते तिथूनही उठले.

अशात मुंबईच्या एका फाउंडेशनचं उत्तर आलं. त्यांना प्रस्ताव आवडला होता. दिवाळीनंतर त्यांच्या निशिगंधा मॅडम प्रत्यक्ष कुडपणला येणार होत्या. सोबत कॅमेरामन.

तोवर प्रियदर्शिनी दर सुट्टीला वर जातच होती. मुली गोळ्या खायला लागल्या होत्या. रेश्माचं रक्त चढत होतं, अजून पुरतं भरलं नव्हतं. रेश्मा आणि अनुष्का मशीन चालवायला शिकल्या होत्या आणि प्रियदर्शिनीपेक्षा हलक्या हाताने टोचत होत्या. प्रस्तावाचा आणि या कामाचा काडीचा संबंध उरला नव्हता. तरीही मशीनं तरी मिळतील या आशेने तिने मॅडमच्या भेटीला हो म्हटलं.

त्या दिवशी अश्वजितने सकाळी सकाळीच सगळ्या मुलींना शाळेसमोर उभं केलं. हातात झेंडूच्या पाकळ्यांची ताटं. गाडी कधीही येईल, कुणी हलायचं नाही. ऊन वर आलं. गाडी आली नाही. अश्वजित टेकाडावर जाऊन रेंज शोधायचा, परत यायचा, घाम पुसायचा. शेवटी फोन लागला. तो खाली आला तेव्हा त्याचा चेहरा ओशाळलेला होता.

"ते अजून खाली सव गावात आहेत. गरम पाण्याची कुंडं बघायला थांबलेत."

"बघायला?" प्रियदर्शिनीने विचारलं.

"पाय सोडून बसलेत. निघतीलच आता."

निघून घाट चढेपर्यंत दुपार झाली. गाडी थांबली, काचा खाली गेल्या, आधी कॅमेरामन उतरला, त्याने दरीचं चित्रण केलं. मग निशिगंधा मॅडम उतरल्या. सुती साडी, रुंद टिकली, चेहऱ्यावर कळवळा. पाकळ्या उधळल्या गेल्या. अश्वजितचं स्वागताचं भाषण सुरू झालं. 'परिवर्तनाचे दूत' हा शब्द त्याने उच्चारला आणि पहिल्या रांगेतली रेश्मा ताटासकट खाली गेली.

प्रियदर्शिनी धावली. तिने रेश्माला सपाट झोपवलं, पाय वर धरले, ओढणी सैल केली. अनुष्का पाणी घेऊन आली. रेश्मा डोळे उघडायला लागली तेव्हा प्रियदर्शिनीला जाणवलं की आपल्या कानाशी काहीतरी गुरगुरतंय. तिने मान वळवली. कॅमेऱ्याची काच तिच्या खांद्यावरून रेश्माच्या तोंडापाशी आली होती.

"चालू ठेव," मागून निशिगंधा मॅडमचा हळू आवाज आला. "क्लोज जा."

प्रियदर्शिनीने तळहात काचेवर ठेवला. "मागे हो," ती कॅमेरामनला म्हणाली. "नाहीतर टाके तुला घालावे लागतील. भूल न देता."

तो मागे झाला. रेश्माला सावलीत बसवलं, गूळ दिला. मॅडमच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. ते त्यांनी टिपलं आणि म्हणाल्या, "किती पॉवरफुल होतं हे! हेच तर लोकांपर्यंत पोचायला हवं." कॅमेरामन त्यांच्या कानाशी लागला. पडल्यानंतरचं सगळं आलं होतं, नेमकं पडणं तेवढं फ्रेमच्या बाहेर गेलं होतं.

मॅडम रेश्मासमोर उकिडव्या बसल्या. तिच्या केसांवरून हात फिरवला. "बेटा, बरं वाटलं की एकदा... पुन्हा पडून दाखवशील? अगदी हळूच. आजोबा बाजूला उभे राहतील, ते धरतील तुला."

भागोजी गर्दीतून पुढे आले. मुंबईहून एवढी माणसं गावात आली, याचंच त्यांना केवढं अप्रूप वाटत होतं. "पड गो बाय एकदा," ते म्हणाले. "मानसं लांबनं आलीत."

रेश्माने गुळाचा खडा गिळला. "मी नाय पडनार."

"ॲक्टिंग करायची फक्त, बेटा."

"मगाशी पडले ती खरी पडले. तेवढं पुरं झालं."

"मॅडम," प्रियदर्शिनी उभी राहिली, "तुम्हाला पडतानाच हवं असेल तर सोपं आहे. तुम्ही सकाळपासून उपाशी राहा, या उन्हात ताट घेऊन उभ्या राहा, आणि कुणीतरी गरम पाण्यात पाय सोडून बसलंय त्याची वाट बघा. आपोआप पडाल. मी स्वतः शूटिंग करते."

"प्रियू!" अश्वजित ओरडला.

"तुम्ही फार इमोशनल होताय," निशिगंधा मॅडम म्हणाल्या. "आम्ही मदत करायलाच आलोय."

"ती कळली. आता गाडीत बसा."

मॅडम बसल्या. अश्वजित गाडीच्या मागे वळणापर्यंत धावत गेला, हात जोडत, काहीतरी बोलत. तिकडून तो वर आलाच नाही, तसाच त्यांच्या गाडीतून महाडला गेला.

मुली पांगल्या. प्रियदर्शिनी अजून धुमसत होती. "कसली माणसं असतात बघ," ती रेश्माला म्हणाली. "पोर पडली तरी ह्यांना चित्र हवं."

रेश्मा म्हणाली, "ताई, तुम्ही पन इथंच होतात की सकाळपासनं. खाल्लं काय म्हनून कुनी विचारलं नाय आम्हाला. तुम्ही पन नाय."

प्रियदर्शिनीने सकाळी महाडच्या स्टँडवर मिसळ खाल्ली होती. तिने उठून शाळेच्या पायरीवरची सतरंजी घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा घडी केली.

आता पैसे गेले, असं सगळ्यांनीच धरलं. अश्वजितने तिच्याशी बोलणं टाकलं. मधल्या भिंतीतून काकूंचे निरोप येत: दादा म्हणतो तुझी कुकरची शिट्टी मोठी आहे. आणि मग एका संध्याकाळी तो पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा राहिला.

"मंजूर! सगळंच्या सगळं मंजूर!"

"कसं काय?"

"त्यांनी ती क्लिप ट्रस्टींना दाखवली. सगळे हेलावून गेले." तो जरा अडखळला. "फक्त एक अट आहे. जानेवारीत मुंबईत त्यांचा वार्षिक कार्यक्रम असतो. त्यात रेश्माने स्टेजवर यायचं. मागे क्लिप चालेल, पुढे ती बोलेल."

प्रियदर्शिनीने पेढा परत पुड्यात ठेवला. पण तिने नाही म्हटलं नाही. तिला परिशिष्टातली दोन मशीनं दिसत होती. दोन तर दोन. पोलादपूरच्या बाकीच्या वाड्या दिसत होत्या, तिथल्या पोरीही अशाच कुठेतरी पडत असणार. "विचारू रेश्माला," ती म्हणाली, आणि आपल्याच आवाजाचा तिला वीट आला.

रविवारी दोघं वर गेली. भागोजींच्या अंगणात बसली. रेश्मा होती, अनुष्काही आलेली. अश्वजितने सगळं सांगितलं: मुंबई, हॉल, मोठमोठी माणसं, हॉटेलात राहणं. भागोजींचे डोळे चमकले. रेश्माने नीट ऐकून घेतलं.

"मशीनं किती येनार?"

"पहिल्या टप्प्यात दोन."

"आनि टोप्या?"

अश्वजितने घसा खाकरला. "टोप्या पाचशे."

अनुष्का फिसकन हसली. "एका मशीनला अडीचशे टोप्या. थंडी वाजते काय त्याला?"

"स्टेजवर बोलायचं काय?" रेश्माने विचारलं.

"तुझी गोष्ट. तू कशी पडलीस."

"उठले कशी ते नको?"

"ते पण. आपल्या प्रोजेक्टमुळे उठलीस असं."

"प्रोजेक्ट तर अजून सुरूच नाय झाला," रेश्मा म्हणाली. "मी नाय येनार, दादा. वर्गात आताच हसतात सगळे. त्यात आनि मागं मोठं चित्र लावून पडलेली दाखवनार."

"तुझ्या एका नकारापायी तालुक्यातल्या सगळ्या मुलींचं नुकसान होईल. कळतंय का तुला?"

रेश्माचे डोळे भरले. भागोजी चुळबुळले. प्रियदर्शिनीच्या ओठांवर जहाल काहीतरी आलं होतं, पण ते अश्वजितवर फेकावं की स्वतःवर, हे तिला ठरवता येईना. काल रात्री हेच वाक्य तिच्या मनात येऊन गेलं होतं.

"मी मॅडमशी बोलतो," अश्वजित उठला. "काहीतरी मार्ग काढतील." तो अंगणाच्या वरच्या टेकाडावर गेला. मागोमाग सगळेच गेले. रेंज जेमतेम होती, म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकून हात उंच धरला.

निशिगंधा मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग वरून आवाज आला, स्वच्छ, प्रेमळ: "अरे, काहीच प्रॉब्लेम नाही. तिच्यावर प्रेशर नको. दुसरी कोणीही मुलगी चालेल. फक्त जरा अजून अशक्त दिसणारी बघा हं. क्लिप आपण नवीन करू."

अश्वजितचा हात तसाच वर होता. त्याने समोर उभ्या असलेल्या मुलींकडे पाहिलं. अनुष्का हडकुळी होती. तिने आपली ओढणी पुढे घेतली आणि दंडावरून लपेटली. ते त्याला दिसलं.

"मॅडम," तो म्हणाला, "तशी मुलगी आमच्याकडे नाही."

"नाही कशी? तुमच्या प्रस्तावात तर..."

"प्रस्ताव पनवेलच्या माणसाने लिहिलाय. तो अशक्त दिसत नाही, पण विचारून बघतो," अश्वजित म्हणाला आणि त्याने फोन बंद केला.

प्रियदर्शिनी त्याच्याकडे बघतच राहिली. लहानपणापासून या माणसाला बोलायची एकही संधी तिने सोडली नव्हती. आज मात्र ती बाजूला सरून त्याला वाट देऊन उभी राहिली. तो टेकाड उतरून एका दगडावर बसला. ऑफिस गेलं, समन्वयक गेले, वर्षभराचा पगार गेला. भागोजींनी त्याच्यासमोर ताकाचा तांब्या ठेवला.

घाट उतरताना मात्र तो म्हणाला, "दिल्लीला आणखी एक फाउंडेशन आहे..."

"दादा, गप बस," प्रियदर्शिनी म्हणाली. त्या दिवशी त्यात नेहमीची धार नव्हती.

पुढचं काम भागोजींनी केलं. नातीला 'पड' म्हटल्याचं त्यांना कुठेतरी लागलं असावं. तसं ते कधी बोलले नाहीत. त्यांनी मुंबईला गावच्या मंडळाचे अध्यक्ष येसाजी यांना फोन लावला. कुडपणचे चाकरमानी दर महिन्याला वर्गणी काढतात आणि त्या वर्षी त्या वर्गणीतून गावाच्या वेशीवर सिमेंटची कमान उभी राहायची होती. "कमानीखालनं जायाला पोरी तरी उभ्या राहिल्या पायजेत," भागोजी म्हणाले. मंडळाच्या बैठकीत यावर तीन रविवार भांडण झालं. कमान रद्द झाली नाही, पण तिच्यावरचे दोन सिंह रद्द झाले, आणि त्या पैशात एक मशीन आलं.

ही बातमी बौद्धवाडीच्या मुंबई मंडळाला कळली. गावाला दोन मंडळं आहेत, एकाच इमारतीत कामाला जाणारी माणसं सुद्धा त्यांत वेगवेगळी बसतात. वरच्या वाडीने मशीन दिलं म्हटल्यावर बौद्धवाडीचे अध्यक्ष बुद्धरत्न मागे राहतात होय? त्यांनीही तसंच मशीन पाठवलं, वर पट्ट्यांची जास्तीची डबी. दोन्ही मंडळांनी आपापल्या नावाचे स्टिकर छापून पाठवले होते. मशीन तळहाताएवढं, स्टिकर वहीच्या पानाएवढा. रेश्माने तो मशीनवर चिकटवून पाहिला तेव्हा आकडाच दिसेना. शेवटी एक स्टिकर शाळेच्या खिडकीला लागला आणि दुसरा दाराला.

मशीनं दोन, पण चालवणाऱ्या त्याच दोघी. पट्ट्या संपल्या की रेश्मा अनुष्काकडून घ्यायची, अनुष्का रेश्माकडून. कुठलं मशीन कुणाचं हे महिन्याभरात दोघींनाही सांगता येईना. कॉलेजच्या मुलींनी एसटीत बसल्या बसल्या भाकरी खायचं ठरवलं. कंडक्टर चुरा पडतो म्हणून कावायचा, मग एक दिवस अनुष्काने त्याच्याही हातात भाकरी ठेवली. अश्वजित आता एका पतपेढीत नोकरीला लागला आहे. शनिवारी संध्याकाळी तो महाडहून पट्ट्या घेऊन वर जातो आणि या सगळ्याला अजूनही 'पायलट प्रोजेक्ट' म्हणतो. प्रियदर्शिनी त्याला आकाशात किती उंच गेलास म्हणून विचारते.

मे महिन्यात चाकरमानी गावाला आले आणि दोन्ही अध्यक्षांना एकाच रविवारी लोकार्पणाची लहर आली. मशीनं गेले चार महिने चालू होती, पण लोकार्पण राहिलं होतं. येसाजींनी नारळ आणला. बुद्धरत्नांना नारळ फोडणं मान्य नव्हतं, त्यांनी फीत आणली. आधी कोण, यावर व्हरांड्यात बरीच कुजबुज झाली. प्रियदर्शिनी हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभी होती. तिला इतकी मजा फार दिवसांत आली नव्हती.

"नारळ फोडा आधी," रेश्मा म्हणाली, "पोरी सकाळपासनं बसल्यात. खोबरं गुळासंगती वाटून टाकू. फीत खाता येत नाय."

बुद्धरत्न हसले आणि बाजूला झाले. नारळ फुटला, मुलींच्या हातात खोबऱ्याचे तुकडे गेले, मग फीतही कापली गेली. आणि येसाजी भाषणाला उभे राहिले. गावाची एकी, तरुण पिढी, मंडळाचा इतिहास, मंडळाच्या आधीच्या मंडळाचा इतिहास. ते थांबेनात. रांगेतल्या पोरी खोबरं खाऊन संपवून वाट बघत बसल्या होत्या. रेश्माने अनुष्काकडे पाहिलं. अनुष्काने मशीनमध्ये पट्टी सरकवली.

"काका, तुम्ही बोला," रेश्मा येसाजींच्या जवळ जाऊन म्हणाली, "हात तेवढा इकडं द्या."

येसाजींनी बोलता बोलता, कुणीतरी हार घालतंय अशा थाटात हात पुढे केला. तरुण पिढीच्या रक्तात धमक आहे, असं म्हणत असतानाच रेश्माने त्यांच्या बोटाला टोचलं. अध्यक्ष 'आई गं' म्हणून मटकन खाली बसले आणि भाषण तिथेच संपलं. पोरींनी टाळ्या वाजवल्या. त्या भाषणासाठी आहेत असं समजून येसाजींनी बसल्या बसल्याच मान लववली.